आनंदीच्या रानातली येळवस

आनंदी रानातल्या माळ्यावर चढली ती पाखरांच्या सात पिढ्या काढतच. दिवस जेमतेम कासराभर वर आला होता, अंगाला थंडी झोंबत होती, आणि ज्वारीच्या प्रत्येक कणसावर एक चिमणी नाहीतर एक राघू असा बसला होता की जणू सातबारा त्याच्याच नावावर आहे.

"आलासा का? या. पाट मांडू? तूप वाढू?" असं म्हणत तिनं गोफणीत दगडाचा गुंडा घातला, डोक्याभोवती तीन गरके दिले आणि सोडला. थवा उठला, हवेत एक वळसा घेतला आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन निवांत बसला.

पूर्वी असं नव्हतं. हडपसरच्या पुढं ढोलेमळ्यात कुठंही उभं राहिलं तरी ज्वारीच दिसायची. पाखरं वाटून खायची. ह्याच्या रानात चार दाणे, त्याच्या रानात चार, कुणाला कळायचंही नाही. मग कंपन्या आल्या. ज्याच्या त्याच्या बांधावर मोजणीवाले हिंडायला लागले, आणि बघता बघता लोकांनी रानं विकून बंगले बांधले, बंगल्यांना संगमरवर लावला आणि त्यावरून घसरून पाय मोडून घेतले. रानांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. हे सगळं माणसांना माहीत झालं. पाखरांना कुणी कळवलं नाही. आसपासच्या टापूतली सगळी पाखरं आता एकाच ताटावर बसायला लागली, आणि ते ताट आनंदीचं होतं.

नवरा वारल्यापासून हे एवढं एक तुकडाभर रान ती एकटी करत होती. तिचा मुलगा राकेश कंपनीच्या माणसांची ने-आण करणारी सुमो चालवायचा. कंपनीच्या माणसांत राहून त्याच्या बोलण्यात पिकअप, ड्रॉप आणि शिफ्ट एवढंच उरलं होतं. गाड्या लावायला जागा नाही म्हणून त्याचा ठेकेदार रोज बोंबलायचा, आणि राकेशच्या डोळ्यांपुढं रोज आईचं रान यायचं.

"आई, जवारी मंडईत मिळती," तो म्हणायचा.

"आई बी मिळती का बघ मंडईत. जरा गोड बोलणारी आण."

"आगं, पर तुला ह्यातनं मिळतं काय? निम्मं पाखरं खात्यात, निम्म्याला तुझी कंबर जाती."

शेवटी दिवाळीच्या सुमारास दोघांत एक ठरलं होतं. या सालाला घरापुरती ज्वारी निघाली तर रान आनंदीचं. नाही निघाली तर गुढीपाडव्याला तिथं गाड्यांचा तळ. आनंदीनं शब्द दिला होता, आणि शब्द दिला की ती मोडत नसे; नवऱ्याला 'तुमच्याशी बोलणार न्हाई' म्हणाली होती तेव्हा पुरता एक पावसाळा बोलली नव्हती.

तळ करायला एकच अडचण होती. रस्त्यापासून रानापर्यंत जी गाडीवाट होती, ती आनंदीच्या थोरल्या जावेची, मंदाकिनीची. मंदाकिनीनं आपलं सगळं रान कंपनीला विकलं, पण मोजणीत ही चिंचोळी पट्टी तिच्याकडेच राहिली होती. आनंदीला त्या वाटेनं पायी जायचा हक्क होता. गाड्या न्यायच्या तर मंदाकिनीची परवानगी लागत होती. राकेश दबकत विचारायला गेला, तर मंदाकिनी लगेच हो म्हणाली.

"ने बाबा, पाहिजे तेवढ्या गाड्या ने. तिच्या जवारीवरनं ने. मला बघू दे तिचं तोंड."

तिचा नवरा हिंमतराव हा नुसता नावाचा हिंमतराव होता. बायकोनं हाक मारली की दाढी करताना कापून घ्यायचा. त्यानंही मान हलवली.

दोघी जावांचं भांडण तीस वर्षांचं होतं, आणि ते सगळं बांधावर झालेलं होतं. बांधाचा दगड कुणी सरकवला, शेळी कुणाची शिरली, पाण्याची पाळी कुणाची होती. रोज सकाळी दोघी आपापल्या बाजूला भांगलायला बसायच्या आणि दुपारपर्यंत तोंड चालू असायचं. हात मात्र कुणाचा थांबायचा नाही. मग मंदाकिनीचं रान विकलं गेलं आणि बांधावर कंपनीची भिंत उभी राहिली. आनंदीनं एक-दोनदा भिंतीला शिव्या घालून बघितल्या. भिंत काही बोलली नाही. तेव्हापासून तिला रानात एकटं वाटायला लागलं होतं, पण हे तिनं कुणाला सांगितलं नसतं, देवालासुद्धा नाही. देवाला तर नाहीच, तो गावभर सांगत सुटला असता.

तर त्या सकाळी आनंदीनं दुसरा गुंडा घातला, रागानं जरा जास्तच गरके दिले आणि गोफण सोडली. गुंडा सणसणत रानावरून गेला, भिंतीवरून गेला आणि समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काचेवर बसला. खाड असा आवाज आला. सबंध काचेवर कोळ्याचं जाळं पसरलं.

पाखरं एकदम गप्प झाली. आनंदी माळ्यावर खाली बसली आणि आपण पदर नीट करायला चढलो आहोत असं तोंड केलं.

थोड्या वेळानं गाडीवाटेनं दोघं आली. पुढं एक पोरगी, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. मागं कंपनीचा वॉचमन. वॉचमनला आनंदी ओळखत होती. वैजनाथ त्याचं नाव, लातूरकडचा, पलीकडच्या चाळीत बायकोसह राहायचा.

"काकू, नमस्कार. मी सृष्टी. मी ॲडमिन बघते."

"कुणाचा?"

"म्हणजे कंपनीत काम करते. काकू, आमची काच फुटली."

"आरारा. थंडीनं फुटत असंल."

सृष्टी कर्वेनगरची होती. तिनं आवाज चढवला नाही. "आपण माळ्यावर उभ्या होतात ते सगळ्या मजल्यानं पाहिलं. आमचे लोक कामाच्या वेळेत तेवढंच बघतात. त्या खिडकीशी एकजण बसला होता, काकू. काच आत पडली असती तर?"

आनंदी माळ्याच्या काठाशी सरकली. खरं सांगायचं तर ती मघापासून तेच घोकत होती.

"लागलं न्हाई ना त्याला?"

"नाही. घाबरलाय. चहा पितोय."

आनंदी माळ्यावरून खाली उतरली, गोफण गुंडाळली आणि कमरेला खोचली. "न्हाई मारायची आता. पर मग पाखरांचं मी काय करू, सांग. तुमच्या काचंत आपली तोंडं बघत्यात, वेणीफणी करत्यात, आन् मग हिकडं जेवाय येत्यात."

सृष्टीनं जरा विचार केला. "आमच्याकडं कॉम्प्युटरच्या बाद झालेल्या सीड्या आहेत. पोतं भरून. त्या चमकतात. टांगून बघा."

संध्याकाळी वैजनाथ पोतं घेऊन आला. त्यानं आणि आनंदीनं रानभर दोऱ्या बांधून सीड्या टांगल्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तसं रान असं लखलखायला लागलं की रस्त्यावरच्या पीएमटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून बघायला लागला. पाखरं आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही आली नाहीत. मग एक राघू आला, दोरीवर बसला, मान वाकडी करून सीडीत बघितलं, आपलं रूप त्याला पसंत पडलं असावं, कारण तो जाऊन सगळ्या गोतावळ्याला घेऊन आला.

वैजनाथची पाळी त्या दिवशी दुपारची होती. सकाळी तो रानाकडं आला तेव्हा आनंदी डबा बडवत धावत होती. पदर एकीकडं, केस एकीकडं. तो दुसरा डबा घेऊन विरुद्ध बाजूनं बडवायला लागला. पाखरं उठली तशी दोघं बांधावर टेकली.

वैजनाथनं एक कणीस हाताशी ओढलं, नखानं दाणा दाबला. दाण्यातनं दूध आलं. तो बराच वेळ त्या दुधाकडं बघत राहिला.

"मावशी, एक इचारू का? रागावनार न्हाईत न्हवं?"

"रागावणार. इचार."

"पुढल्या अमुशाला आमच्याकडं येळवस ऱ्हातीय. समदं गाव रानात जेवतंय. त्या दिवशी लातुरात बाजार बंद, रस्त्यावर कुत्रंबी दिसत न्हाई, समदे रानात. मला सुट्टी मिळंना झालीय. हितंच तुमच्या रानात करावी म्हनलालो."

"अमुशाला? रानात जेवायचं?" आनंदीनं त्याला वरून खाली न्याहाळलं. "तुम्ही माणसंच हायसा ना?"

"तसं न्हवं ओ. कडब्याची कोप करतेत, झोपडीवानी. कोपीत पाच दगडं मांडतेत, चुना लावून. ते पांडव."

"आन् द्रौपदी?"

"ती सयपाक करत असंल की."

आनंदीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "काय खाता?"

मग वैजनाथ जो सुटला तो सुटलाच. भज्जी म्हणजे तळलेली नव्हे, हिरवा हरभरा, वाटाणा, तुरीचे दाणे, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवून बेसन लावून केलेलं. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ आणि लसूण, मडक्यात रात्रभर ठेवलेलं. ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे. गव्हाची खीर. सांगता सांगता त्यानं दोनदा आवंढा गिळला. "आन् मावशी, कुनाला बोलवायचं नसतंय. वाटंनं जानारा दिसला की हाक मारायची. रान नसलेला मानूस त्या दिवशी जास्त जेवतोय. आता हितं रान नसलेला मीच झालोय, ते सोडा."

आनंदीनं कणसांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "करा. पर अमुशापतूर माझी पाखरं राखायची."

"राखू की. आमची लई मानसं हायती हितं. वॉचमन हायती, डायवर हायती, मिस्त्री हायती. एकेकाला पाळी लावतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून रानात माणसं दिसायला लागली. ड्युटी संपवून आलेला वॉचमन तसाच गणवेशात माळ्यावर चढायचा आणि शिट्टी फुंकायचा. पाखरांना दारावर अडवल्यासारखं करायचा. एकजण तर सवयीनं "कुणाकडं जायचंय?" असं राघूला विचारताना आनंदीनं ऐकला. वैजनाथची बायको राधा दुपारी यायची आणि डबा बडवता बडवता आनंदीला आंबिलीत लसूण किती घालायचा ते ओरडून सांगायची. पाखरांनी चार दिवस वाट बघितली आणि मग कंटाळून कुठंतरी निघून गेली.

आनंदीच्या पत्र्याच्या खोल्यांत सुशीलाबाई नावाच्या भाडेकरू राहायच्या. महापालिकेच्या शाळेत मास्तरीण होत्या, मूळच्या वर्ध्याकडच्या. खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि बाकी सगळी पुस्तकं. त्यांना येळवशीचं सांगितलं तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमचे पांडव तुम्ही पुजा, मला त्यात काही नाही करायचं. पण जेवायला येते मी. अन् रिकाम्या हातानं येऊ काय? पानगे करीन. गोवऱ्या आहेत न तुमच्याकडं?"

अमावस्येला सकाळपासून थंडगार वारा सुटला होता. वैजनाथनं रानाच्या मधोमध कडब्याची कोप उभी केली, पाच दगडांना चुना फासून मांडले आणि वरून शाल पांघरली. राधानं मडकी उतरवली. पूजा झाली. मग वैजनाथनं आंबिलीचं भांडं घेतलं आणि तो ज्वारीच्या ताटाताटांत आंबील शिंपडत, मोठ्यानं आरोळी ठोकत रानाला फेरी घालायला लागला. त्या आरोळीत निम्मं कानडी होतं, निम्मं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हंजी काय रं त्याचं?" आनंदीनं विचारलं.

"म्हाईत न्हाई. माझ्या बापालाबी म्हाईत नव्हतं. पर पीक येतंय."

जेवायला आधी वैजनाथची वीसेक माणसं होती. पण त्यानं रिवाजाप्रमाणं गाडीवाटेच्या तोंडाशी उभं राहून दिसेल त्याला हाक मारायला सुरुवात केली, आणि तिथंच गणित फसलं. कारण लातूरच्या खेड्यात वाटेनं दोनचार माणसं जातात. इथं कंपनीची एक पाळी सुटत होती आणि दुसरी भरत होती. पट्टेवाली पोरं-पोरी आधी भिंतीवरून डोकावली, मग गाडीवाटेनं आली. सृष्टी सगळ्यांत पुढं. पाठोपाठ बिहारी पोरं, मद्राशी पोरं, कँटीनचा आचारी, झाडूवाल्या बाया, रिक्षावाले, सुमोवाले. पत्रावळी कमी पडल्या तेव्हा पोरांनी कंपनीतून कोरे कागद आणले आणि त्यांवर उंडे घेऊन खाल्ले.

वैजनाथच्या नात्यातला एक म्हातारा सुशीलाबाईंच्या आगटीशी आला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे पानगे फुगत होते. म्हाताऱ्यानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

"बाई, आडनाव काय म्हनलाव?"

सुशीलाबाईंनी पानग्यावरची राख फुंकली. "आडनाव खाता का पानगा खाता?"

वास म्हाताऱ्याच्या नाकात शिरत होता. त्यानं पानगा घेतला, फोडला, वरणात बुडवला आणि तिथंच बसून खाल्ला. दुसरा मागताना मात्र त्यानं काही विचारलं नाही, आणि सुशीलाबाईंनी त्याला दुसरा जरा करपलेलाच दिला.

आनंदी हे सगळं बघत उभी होती. लोक बोटं चाटत भज्जीचं कौतुक करत होते, आंबिलीचं करत होते, पानग्याचं करत होते. रान तिचं, आणि तिच्या नावाचं एकही खाणं तिथं नव्हतं. हे तिला सोसलं नाही. ती विळा घेऊन ज्वारीत शिरली आणि पदरभर कणसं कापून आणली.

"आई, आगं कणसं तोडू नगं," राकेश तिच्या मागं आला. तो सुमो लावून जेवायला आला होता. "ठरलंय न्हवं आपलं?"

"ठरलं आसंल. पावणे रानात आल्यात आन् हुरडा न्हाई दिला तर तुझा बाप वर सर्गात मान खाली घालंल." तिनं खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या आणि निखाऱ्यात कणसं खुपसली.

"हे असं भाजत्यात व्हय गं?"

आवाज मागून आला. आनंदीनं वळून बघितलं नाही. तीस वर्षं ऐकलेला आवाज वळून बघावा लागत नाही. मंदाकिनी आली होती. अंगावर जरीची साडी, पायांत घरात घालायच्या सपाता. बंगल्याच्या गच्चीवरून तिनं गर्दी बघितली होती आणि आनंदी मेली की काय ते बघायला आले, असं ती आल्या आल्या सगळ्यांना सांगत सुटली.

"कुणी बोलावलं तुला?" आनंदी म्हणाली.

"त्या वॉचमननं. वाटंनं जाणाऱ्याला हाक मारत्यात म्हणं. वाट माझीच हाय, म्हणून मी जात हुते." मंदाकिनीनं फतकल मारली, निखाऱ्यातलं एक कणीस उपसलं आणि तळहातावर चोळायला घेतलं. "जाळ केलाय नुसता. धग पाहिजे. सरक तिकडं."

"मी न्हाई सरकायची. माझं रान हाय."

"मग बस अशीच. भाज कोळसं."

कुणीच सरकलं नाही. दोघी एकाच आगटीच्या दोन बाजूंना बसल्या आणि कणसं चोळायला लागल्या. मंदाकिनीनं दहा वर्षांत कणीस हातात धरलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. कोवळे हिरवे दाणे सुपात पडायचे, राधा त्यावर तिळाची चटणी आणि गूळ ठेवायची आणि सूप गर्दीत जाऊन रिकामं परत यायचं. आनंदीनं एक सूप भरलं की मंदाकिनी दीड भरायची. मग आनंदी दोन भरायची. तोंडं चालूच होती, शेळी कुणाची होती इथपासून ते सासूनं जाताना पाटल्या कुणाला दिल्या इथपर्यंत.

"ह्या भांडतात का?" एका मद्राशी पोरानं सृष्टीला हिंदीत विचारलं.

"मला नक्की सांगता येणार नाही," सृष्टी म्हणाली आणि आणखी हुरडा घेतला.

कणसं संपली की कुणीतरी विळा घेऊन जाई आणि आणखी आणी. कोण जात होतं ते कुणी बघितलं नाही. वैजनाथ गेला, सुमोवाले गेले, एकदा तर राकेशच गेला. तो आईला बजावायला आला होता, पण चार पसे हुरडा पोटात गेल्यावर त्यालाही बजावायचं काय होतं ते आठवेना.

उन्हं कलली, माणसं पांगली. आनंदीनं कमरेवर हात देऊन वर बघितलं आणि मग तिला रान दिसलं. माळ्याच्या मागची एक पट्टी सोडली तर सगळी ताटं बिनकणसांची उभी होती. राघूंनी महिनाभर खपून जेवढं खाल्लं नसतं, तेवढं माणसांनी एका दुपारी फस्त केलं होतं, आणि पहिलं कणीस तिनंच तोडलं होतं. वैजनाथ आगटीशी उभा होता. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मावशी, पीक राखाया आलो आन् खाऊन बसलो."

"गप बस. म्याच तोडलं." ती खाली बसली. मंदाकिनी सपाता झटकत निघून गेली. आनंदीला वाटलं, एखादं टोचून बोलेल, पण तेवढंही ती बोलली नाही.

दीड महिन्यानं जे काय उरलं होतं ते काढून, झोडपून, उफणून झालं. निघाली ती ज्वारी चार दिवसांची भाकरी आणि वर थोडी, एवढीच. राकेश समोर बसला होता, पण विषय काढायला तयार नव्हता. आनंदीनंच काढला.

"बोलीव तुझ्या ठेकेदाराला."

"आई, बघू की पुढं."

"पुढं बघत न्हाईत. बोललेलं बोललेलं. बोलीव."

ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली, पण सकाळी उठून तोंड धुऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून रानात जाऊन उभी राहिली. रान द्यायचंच तर मान खाली घालून कशाला द्यायचं. ठेकेदार जीपमधून आला. राकेश शेजारी बसला होता. जीप रस्त्यावरून गाडीवाटेला वळली आणि तिथंच थांबली, कारण वाटेच्या मधोमध मंदाकिनी उभी होती. हिंमतराव तिच्या मागं, निम्मीच दाढी केलेला.

"काकी, जरा बाजूला," राकेश म्हणाला.

"का म्हणून?"

"आगं, तूच हो म्हणाली होतीस की."

"म्हणाले आसन. आता न्हाई म्हणते. माझ्या वाटंवरनं एक चाक जाऊ द्यायची न्हाई."

ठेकेदार हिंमतरावाकडं वळला. "पाव्हणं, तुमी तरी सांगा." हिंमतरावानं बायकोकडं बघितलं, मग आपल्या गालाला हात लावून बघितला आणि आभाळाकडं बघायला लागला.

आनंदी तावातावानं वाटेवर आली. "ए थोरले, ल्योक माझा, रान माझं. तू कोण मधी पडणारी?"

"रान तुझं, वाट माझी. आन् रान तरी सगळं तुझं कुठं हाय? तो कोपऱ्याचा दगड हातभर सरकवलायस तू. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"म्या सरकवला? तुझ्या बैलानं उकारला हुता तो."

"बैलाचं नाव घेऊ नगं. गुणाचं जनावर हुतं. तुझ्या घरात तेवढ्या गुणाचं एक माणूस न्हाई."

ठेकेदारानं जीपचं इंजिन बंद केलं. राकेशनं डोक्याला हात लावला. कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर नव्या काचेपाशी माणसं जमायला लागली. दोघी जावा कमरेवर हात ठेवून, पाय रोवून, दगडाचं झालं की पाण्याच्या पाळीवर आणि पाळीचं झालं की शेळीवर येत होत्या. ऊन तापलं. ठेकेदारानं एकदा घड्याळ बघितलं, एकदा राकेशकडं बघितलं आणि म्हणाला, "हे आज मिटंल का?"

"तीस वर्षं चाललंय," राकेश म्हणाला.

ठेकेदारानं जीप मागं घेतली.

जीप रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तरी मंदाकिनी थांबली नव्हती. "आन् जवारी तरी काय पेरलीस, मेले. हुरडा हुता का चिरमुरं? हुरड्याला गुळभेंडी पेरायची असती, एवढं बी म्हाईत न्हाई?"

"गुळभेंडीचं बी काय तुझ्या बापानं ठेवलंय का माझ्यासाठी?"

"ठेवलंय. माझ्या म्हायेरी कणगीत हाय. आणू?"

"आण की. भेतीया का मी?"

"आणणारच हाय. आन् भांगलायला ये म्हणशील तर येणार न्हाई."

"बोलावतंय कोण तुला?"

"न बोलावता यीन. वाट माझी हाय."

हिंमतराव हळूच राकेशपाशी आला आणि उरलेली अर्धी दाढी खाजवत म्हणाला, "चल, आपण च्या घेऊन यिऊ. ह्यांचं आता जेवणापतूर चालंल."